झांजा गेलेला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या कर्वेनगरच्या घरात सात जुने अ‍ॅम्प्लिफायर आहेत. पाच चालू, एक अर्धवट (डावा चॅनल बोलतो, उजवा गप्प) आणि एक सुट्या भागांसाठी ठेवलेला. सातांचं मिळून वजन त्र्याहत्तर किलो भरतं. ते मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून उभं राहून, मग माझं वजन वजा करून काढलं आहे. हा आकडा कुणी मागितला नव्हता, असं बायको म्हणते. ते खरं आहे. पण खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा जिन्यात "तुमच्या त्या लोखंडानं स्लॅब आमच्या डोक्यावर येणार" असं ऐकवलं, तेव्हा मला उत्तर देता आलं. म्हटलं, "अहो, त्र्याहत्तर किलो म्हणजे मध्यम बांध्याचा एक पाहुणा. पाहुणे आणायला आपल्या सोसायटीत बंदी आहे का?" त्यांनी "अजून तरी नाही" असं म्हणून दार लावून घेतलं.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे टेप, रेडिओ किंवा तबकडीकडून येणारा अगदी बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारी पेटी. आता तेवढंच काम तळहातावर मावणारी वस्तू करते. नव्यांशी माझं भांडण नाही. मोजून पाहिलं तर बहुतेक वेळा नवेच सरस निघतात, आणि जे मोजून निघतं ते मी नाकारत नाही. पण जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडता येतो. चार स्क्रू काढले, झाकण उचललं की सगळा कारभार समोर. कुठला भाग काय करतो ते बोट ठेवून सांगता येतं, आणि बिघडलेला भाग बंद केलेल्या गॅलरीत बसून माझ्यासारख्या माणसाला बदलता येतो. आवाजाचं बटण फिरवताना बोटांना लागणारा तो जड, मऊ विरोध आणि पंधरा-वीस मिनिटांनी जाळीतून येणारा गरम धुळीचा वास यांना मात्र माझ्याकडे आकडा नाही.

जुन्या बाजारातून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगमध्ये लावायचा नाही, हा आमच्या या छंदातला पहिला नियम. आधी त्याच्या वायरीत मध्येच शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडायचा. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर लख्ख होऊन मंदावला, तर आत सगळं ठीक. लख्खच राहिला, तर आत काहीतरी एकमेकांना चिकटलं आहे. लगेच बंद करायचं. त्या क्षणी मी श्वास धरून बसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "पास का नापास?" लग्नानंतर तिने या छंदाविषयी विचारलेला हा सर्वांत नियमित प्रश्न.

मी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या विभागात काम करतो. वर्कशॉपमधले मीटर, मायक्रोमीटर, दाबमापक आमच्याकडे येतात; ते खरं बोलतात की नाही हे आम्ही ठरवतो आणि शिक्का देतो. त्यामुळे घरीही मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

सातांपैकी वयाने आणि मानाने मोठा अ‍ॅम्प्लिफायर बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. देशी बनावटीचा, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा वॅट, सागवानी रंगाच्या लाकडी खोक्यातला. मी शाळेत असताना त्यांनी तो घेतला. तेव्हा ते सरकारी खात्यात होते आणि अकोल्याहून बदली होऊन आम्ही नुकतेच पुण्यात आलो होतो. घरात फ्रिज नव्हता, स्कूटर नव्हती, अ‍ॅम्प्लिफायर होता. आई म्हणायची, "लोक आधी कपाट घेतात." बाबा म्हणायचे, "कपाट बोलत नाही." आई गेली, आता बाबा आमच्याकडे असतात. ऐंशी ओलांडली आहे. हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची आणि समोरचा अ‍ॅम्प्लिफायरही त्यांचाच. मी त्याचा फक्त देखभाल करणारा.

बाबांचा कान हे आमच्या घरातलं प्रमाण होतं. एकदा ते आत आंघोळीची तयारी करत होते आणि हॉलमध्ये कॅसेट चालू होती. आतूनच म्हणाले, "गाणं थकलंय." मला काहीच कळलं नव्हतं. चाचणीची टेप लावून मोजलं तर वेग दीड टक्क्याने कमी. कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता. दुसऱ्यांदा मी एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. बाबा खुर्चीत बसले, अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "गाणारा मधोमध उभा होता, त्याला तू घराबाहेर काढलंस." तारा बदलल्या, गाणारा परत आला. अशा माणसाने काही म्हटलं की मी आधी स्क्रूड्रायव्हर घेतो, मग विचार करतो.

बाबांच्या सगळ्या कॅसेटींत एक कॅसेट वेगळी. आमच्या गावच्या गायन पार्टीची. जयंतीला विहारासमोर मांडव पडायचा आणि गायन पार्टी पहाट होईपर्यंत गायची. पेटी, ढोलकी, टाळ आणि खंजिरी. खंजिरी वाजवायचे माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. खंजिरीच्या लाकडी कड्यात पितळेच्या छोट्या चकत्यांच्या जोड्या असतात, त्या झांजा. हात चामड्यावर पडतो आणि झांजा हसल्यासारख्या वाजतात. एका वर्षी बाबांनी टेपरेकॉर्डर गावी नेला आणि मांडवाच्या खांबाला माईक बांधून तो कार्यक्रम उतरवून घेतला. पुढच्याच उन्हाळ्यात मोठेबाबा हृदयविकाराने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचे म्हणता येतील असे दोन फोटो आहेत, दोन्हींत चेहरा सावलीत. म्हणजे मोठेबाबा आमच्याकडे उरले ते त्या टेपवरच, आणि टेपवरही गाण्यातून नव्हे (ते गात नसत), फक्त त्या खंजिरीतून.

मागच्या वर्षी एका सकाळी ही कॅसेट चालू असताना बाबांनी हात वर केला.

"झांजा गेल्या."

मी विचारलं, "कुठे गेल्या?"

"ते मी सांगू? यंत्र तुझ्या ताब्यात आहे."

मी परत ऐकलं. आणि मला खरोखरच झांजा दबलेल्या वाटल्या. रजईखाली ठेवल्यासारख्या. "हो, जरा बसलाय आवाज," मी म्हणालो.

टेपचा आवाज बसला की पहिला संशय डेकच्या हेडवर. टेपवरून आवाज उचलणारा हा छोटा धातूचा ठोकळा केसभर जरी तिरका झाला तरी वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. मी हेड स्पिरिटने पुसलं, चाचणीच्या टेपवर त्याचा कोन लावला. बाबांनी ऐकलं. "नाही."

मग अ‍ॅम्प्लिफायर. आवाजाच्या आणि पट्टीच्या बटणांत साफ करणारा फवारा मारला. जुने कपॅसिटर (वीज साठवून ठराविक वेळी सोडणारे, डब्यांसारखे दिसणारे भाग, वयानं सुकतात) काढून मोजले. चार कमी भरले, म्हणून मी सगळेच बदलले. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नवे आणले, प्रत्येक मोजला, डाव्या-उजव्या बाजूला जुळणाऱ्या जोड्या लावल्या. बाबांनी ऐकलं. "छान केलंस. पण झांजा नाहीत."

मग स्पीकर. वरच्या पट्टीचे आवाज काढणारा छोटा स्पीकर, ट्वीटर, दोन्हीकडचा नवा आणला. बाबा म्हणाले, "माणसं पुढे आली. दादा नाही आला."

ते भावाला दादा म्हणायचे.

यादरम्यान एक मित्र आले. कसबा पेठेत राहतात, बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यांच्याकडे अकरा अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि मीटर एकही नाही. त्यांचं म्हणणं असं की मीटर घेऊन गाणं ऐकणारा माणूस हा थर्मामीटर घेऊन जेवायला बसणाऱ्या माणसासारखा. त्यांनी बाबांना नमस्कार केला, कॅसेट ऐकली, डोळे मिटून मान हलवली.

"काका म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. वरचा सगळा कापून टाकलाय. ऐका ना, पांघरूण घातल्यासारखं."

"रजई," मी म्हणालो.

"रजईच. तुमचं मीटर काय म्हणतं?"

"मीटर म्हणतं सगळं सरळ आहे. वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत एका डेसिबलचाही फरक नाही."

"मग मीटर विका," ते म्हणाले आणि चहा संपवून गेले.

इथे मी जे केलं ते आमच्या पंथातला माणूसच करू शकतो. मीटर आणि बाबा यांच्यात तफावत होती, म्हणून मी मीटर बॅगेत घातलं, साहेबांची परवानगी घेऊन कारखान्यातल्या प्रमाण उपकरणाला लावून तपासलं. ते बरोबर होतं. मग सिग्नल देणारं यंत्र नेलं. तेही बरोबर होतं. मग ऑसिलोस्कोप, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर रेषेने दाखवणारं माझं जुनं, जड यंत्र, रिक्षात मांडीवर घेऊन नेलं. तेही खरं बोलत होतं. तिन्हींना शिक्के मिळाले. घरी आल्यावर कॅसेट लावली तर झांजा मला अजूनही दबलेल्याच ऐकू येत होत्या.

तोवर बाबांनी ऐकणं सोडलं होतं. सुरुवातीला कॅसेट कमी झाल्या, मग फक्त सकाळच्या बातम्या, मग तेही नाही. एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवर आईने शिवलेलं जुनं कापडी झाकण घातलं होतं. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"बाबा, आज नाही लावलं?"

"कायले लावायचं? कापूस पिंजल्यासारखा वाजते." बाबा चिडले किंवा खचले की त्यांच्या बोलण्यात अकोला येतं. "विकून टाक तो. तुझ्या त्या कसब्यातल्या मित्राला दे. त्याला आवडते असं."

त्या अ‍ॅम्प्लिफायरचं काय व्हायचं ते होवो. मला दिसत होतं ते दुसरंच. बाबांना आपला भाऊ ऐकू येईनासा झाला होता, त्याचा दोष त्यांनी यंत्राला दिला होता, आणि ते यंत्र दुरुस्त करणं हे माझं काम होतं. मी हरलो तर ते पुन्हा त्या खुर्चीत अ‍ॅम्प्लिफायरकडे तोंड करून बसणार नव्हते.

उलगडा बायकोने केला. ती शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही दोघं गॅलरीत होतो. मी उघड्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाकलेलो, ती वाळलेले कपडे काढत होती. बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते. फ्रिज वाजायला लागला. दार उघडं राहिलं की तो टीं-टीं-टीं करत राहतो. बराच वेळ वाजला.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"काय?"

"फ्रिज."

"दार उघडं असेल."

"बाबा फ्रिजसमोर उभे आहेत. हातात बाटली आहे. शांतपणे पाणी पितायत." तिने कपड्यांचा ढीग खांद्यावर टाकला. "हे महिनाभर चाललंय. आधी वाटलं, विसरतात. विसरत नाहीत. त्यांना ते वाजलेलं कळतच नाही. तुम्ही सगळी यंत्रं कंपनीत नेऊन तपासून आणलीत ना? एक राहिलं."

मी आत जाऊन फ्रिजचं दार लावलं. बाबा म्हणाले, "लावतच होतो."

परत आल्यावर मी तिला म्हटलं, "पण झांजा मलाही कमी ऐकू येतात. आणि त्या कसब्यातल्या मित्रांनाही तशाच आल्या."

"बाबांनी आधी सांगितलं होतं ना कमी येतात म्हणून?"

"हो."

"मग झालं तर. तुम्हा दोघांना बाबांसमोर जास्त ऐकू येणं शक्य आहे का?"

आता बाबांना सांगायचं कसं? ज्या माणसाच्या कानावर मी तीस वर्षं घड्याळ लावत आलो, त्याला "तुमचा कान गेला" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? सांगितलं नाही तर मी उरलेलं आयुष्य धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर उघडत आणि बंद करत राहणार. बायको म्हणाली, "तोंडाने नका सांगू. त्यांना दाखवा. आकड्यावर रागावता येत नाही."

रविवारी सकाळी मी सिग्नलचं यंत्र अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, स्पीकरच्या तारांवर ऑसिलोस्कोप लावला आणि त्याचा पडदा बाबांकडे वळवला. बाबांना म्हटलं, "एक तपासणी करायची आहे. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "माझी का अ‍ॅम्प्लिफायरची?"

"दोघांची."

"हं. लाव."

एक हजार हर्ट्झ. टेलिफोनच्या जुन्या टोनपेक्षा बराच उंच. बोट वर. दोन हजार. वर. तीन हजार. वर. चार हजारांना त्यांनी डोकं थोडं उजवीकडे कलवलं, मग बोट वर केलं. पाच हजारांना बोट अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. मी सहा हजारांवर गेलो.

"बंद केलंस?" बाबांनी विचारलं.

पडद्यावर हिरवी लाट होती, तेवढीच उंच, तेवढीच भरीव. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, ती शिट्टी बंद करा ना! दात शिवशिवतायत."

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"वाजतंय?"

"वाजतंय, बाबा."

"आत्ता?"

"आत्ता."

ते उठून स्पीकरजवळ गेले. छोट्या स्पीकरवर तळहात धरला, जशी आपण चुलीची धग बघतो. मग कान लावला. मग परत येऊन बसले. मी यंत्र बंद केलं.

"म्हणजे टेपवर झांजा आहेत," ते म्हणाले.

"आहेत."

"पहिल्यापासून."

"हो."

ते मग म्हणाले, "इतके महिने तू धडधाकट माणसाचं ऑपरेशन करत होतास आणि पेशंट बाजूला बसून चहा पीत होता."

मी हसलो. ते हसले नाहीत. दुपारी अर्धीच भाकरी खाल्ली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पान उलटलेलं मला दिसलं नाही. मला वाटलं, खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनीच विषय काढला.

"कितीला थांबलो मी?"

"पाच हजारांच्या आसपास."

"आणि तू?"

मी स्वतःला कधी मोजलं नव्हतं. बाबांनी मला लगेच बसवलं. बटण त्यांनी फिरवलं, आकडे त्यांनी वाचले. मी तेरा हजारांना संपलो. मग त्यांनी सुनेला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली आणि साडेचौदापर्यंत गेली.

"सून पहिली," बाबांनी जाहीर केलं. "तू दुसरा. मी उत्तेजनार्थ."

मग कान तपासायला गेलो. तिथल्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवून आमच्यासारखीच, पण शहाणी तपासणी केली आणि उतरत्या रेषेचा कागद दिला. बाबांनी तो कागद माझ्याआधी वाचला. मग यंत्र आलं, कानामागे बसणारं. बोलणं ऐकायला ते उत्तम. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "हा फ्रिज इतका कटकट्या आहे?" जिन्यातले खालचे गृहस्थ काय पुटपुटतात तेही त्यांना कळू लागलं, आणि एकदा त्यांनी उत्तरही दिलं.

पण गाण्याला ते चालेना. कॅसेट लावली की पितळी डब्यात खिळे हलवल्यासारखं होतं, असं बाबा म्हणत. त्या बाईंनी दोनदा बदल करून दिले. म्हणाल्या, "अहो काका, हे माणसांच्या बोलण्यासाठी बनवलंय. गाण्याला थोडं वाकवता येतं, पण खूप नाही. आणि तुम्ही म्हणता ती झांज इतकी वर आहे की तिथे उचलायला फारसं शिल्लकच नाही." स्पष्ट बोलल्या, ते बाबांना आवडलं. घरी येऊन मात्र त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवर पुन्हा झाकण घातलं.

यावर मी जे केलं ते माझ्या स्वभावाविरुद्ध होतं. टेप अर्ध्या वेगाने वाजवली की तिच्यावरचा प्रत्येक आवाज निम्म्या हर्ट्झवर उतरतो. आठ हजारांची झांज चार हजारांवर येते. चार हजारांना बाबांचं बोट वर गेलं होतं. गणित एका ओळीचं आहे. पण दीड टक्का वेग चुकला म्हणून डेक उघडणारा मी, आता पन्नास टक्के चूक मुद्दाम करणार होतो. तीही मोठेबाबांच्या एकुलत्या एका खुणेवर. गाणारे राक्षसासारखे बोलतील. ढोलकी पिंपावर हात मारल्यासारखी होईल. बाबांना ती चेष्टा वाटली तर? मी आठवडाभर हे कुणाला बोललो नाही. शेवटी बायकोला सांगितलं.

"लावून बघा," ती म्हणाली. "नापास झालं तर बटण बंद करायचं. बल्बचं काय करता तुम्ही?"

मी कॅसेट संगणकावर उतरवली, वेग निम्मा केला आणि तो संगणक बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. झाकण मीच काढलं. बाबांना सांगितलं, की गाणं बिघडणार आहे, भलतंच वाजेल, गाण्याकडे लक्ष देऊ नका. कानातलं यंत्र काढून ठेवायला सांगितलं.

मांडवातला गलका सुरू झाला. माणसं पाण्याखालून बोलत असावीत तसा. मग मुख्य गायकाचा आवाज, जाडा, झोपेतला, एकेका अक्षरावर बसून राहणारा. बायको दारातच ओढणी तोंडाला लावून हसायला लागली आणि आत पळाली.

"हे कोणतं भूत लावलंस?" बाबा म्हणाले.

"थांबा थोडं."

ढोलकी आली, प्रत्येक थापेमागे लांब घुमारा घेऊन. बाबांच्या कपाळावर आठ्या. मी बटणाकडे हात नेणार, एवढ्यात त्यांनी आपला हात वर केला; मला थांबवायला. मान उजवीकडे कलली.

मलाही ऐकू येत होतं. चामड्यावर पडणारा हात, आणि त्याच्या मागून झांजा. पूर्वी त्या एकदम छन्न करून संपायच्या. आता एकेक जोडी वेगळी, एकापाठोपाठ एक, जिन्यावरून नाणी घरंगळावीत तशी. आवर्तनाच्या शेवटी मोठेबाबा बोटाने कड हलकेच घासत होते. ते या टेपवर आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बाबा पुढे सरकून बसले. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. ते बोलले तेव्हा माझ्याशी बोलत होते असं मला वाटत नाही.

"दादा म्हातारा झाला."

मी आवाज थोडा कमी केला, ते काय म्हणतात ते ऐकायला. त्यांनी खूण केली, वाढव.

"सावकाश वाजवतोय बघ. दम खात खात. पण हात तोच आहे." मग थोड्या वेळाने, "राहिला असता तर असाच वाजवला असता."

बायको परत येऊन दाराला टेकून उभी होती. आता हसत नव्हती. तिने मला हातानेच 'पास?' म्हणून विचारलं, आणि मी होकाराची मान हलवली.

बाबांची बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर पडू लागली. तरुणपणी ते भावाच्या खंजिरीला टाळ धरायचे, पण आता संधिवाताने बोटं वाकली आहेत. मूळच्या वेगाला ती पोचली नसती. या वेगाला पोचत होती. एक हुकलं, दोन हुकली, मग बसली. आवर्तनाच्या शेवटी, जिथे मोठेबाबा कड घासत होते, तिथे बाबा थांबत होते, आणि मग दोघं मिळून पुन्हा समेवर येत होते.